फ्रेंच चित्रपट: जुने आधी की नवे, आणि ‘काहीच घडत नाही’ याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाला देतेय ते स्पष्ट राहील. ‘अमेली’ आणि ‘अ‍ॅनाटमी ऑफ अ फॉल’ तुम्हाला मनापासून आवडले. मग मित्रांनी ‘आता खरा फ्रेंच सिनेमा बघ’ म्हणून गोदारचा ‘ब्रेथलेस’ आणि ब्रेसाँचा ‘पिकपॉकेट’ सुचवला. पहिला डोक्यावरून गेला, दुसरा तुम्ही अर्ध्यावर बंद केला. आता तुम्ही विचारताय की जुना फ्रेंच सिनेमा फक्त अभ्यासकांसाठी असतो का, नसेल तर तो कुठल्या क्रमाने बघावा, आणि आईबरोबर बसून बघण्यासारखं त्यात काही आहे का.

मी बरीच वर्षं एका फिल्म सोसायटीसाठी चित्रपट निवडते आणि रसास्वादाचे वर्ग घेते. तुमच्यासारखे प्रेक्षक मला दर वर्गात भेटतात. त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगते: जुना आणि नवा ही तुमची खरी अडचण नाही. जे तुम्हाला नव्या चित्रपटात आवडलं तेच जुन्यातही होतं, फक्त तिथे ते ओळखीच्या वेशात आलं नाही.

‘अ‍ॅनाटमी ऑफ अ फॉल’चंच घ्या. जुस्तीन त्रिएचा २०२३चा हा चित्रपट, कान महोत्सवात पाम दोर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. नवरा घराच्या वरच्या मजल्यावरून पडून मेला आहे आणि बायकोवर खटला चालू आहे. नवऱ्याने आदल्या दिवशी चोरून केलेलं भांडणाचं रेकॉर्डिंग कोर्टात वाजवलं जातं तो प्रसंग आठवा. सुरुवातीला ते भांडण आपल्याला स्वयंपाकघरात प्रत्यक्ष दिसतं. शब्दाला शब्द वाढत जातो आणि आता हातघाईवर येणार, नेमक्या त्या क्षणी दिग्दर्शिका आपल्याला परत कोर्टात आणून बसवते. पुढची फोडाफोडी आणि मारामारी फक्त ऐकू येते. कोणी कोणाला मारलं ते आपण पाहिलेलं नाही, तरी मत बनवावं लागतं. चित्रपट संपतो तेव्हा कोर्टाचा निकाल आपल्याकडे असतो, पण तिने केलं की नाही हे दिग्दर्शिकेने सांगितलेलं नसतं. अडीच तास बसून तुम्ही हे आवडीने पाहिलंत, ‘काहीच सांगितलं नाही’ अशी तक्रार केली नाहीत.

आता ब्रेसाँ. ‘पिकपॉकेट’ बाजूला ठेवा आणि त्याच्या आधीचा, १९५६चा ‘अ मॅन एस्केप्ड’ बघा. दुसऱ्या महायुद्धात लियाँ शहरातल्या माँल्युक तुरुंगातून पळालेल्या आंद्रे देव्हिन्यी यांच्या खऱ्या हकिकतीवर तो बेतलेला आहे. नावातच शेवट सांगून टाकलाय: माणूस निसटला. म्हणजे ‘सुटेल का?’ ही उत्सुकता ब्रेसाँने पहिल्याच पाटीवर काढून घेतली. उरतं ते एवढंच की एका लोखंडी चमच्याला धार लावून ओकच्या दाराच्या फळ्या कशा सुट्या करायच्या, लाकडाचा भुसा कुठे लपवायचा, गादी-चादरीपासून दोर कसा वळायचा. कॅमेरा हातांवर खिळून राहतो. पहारेकरी जिन्याच्या कठड्यावर किल्ली घासत येतो तो आवाज दोन-तीनदा ऐकला की पुढे नुसत्या आवाजानेच पोटात गोळा येतो. आणि पळताना एका पहारेकऱ्याला ठार मारावं लागतं, तेव्हा नायक भिंतीच्या कोपऱ्याआड जातो आणि कॅमेरा जागचा हलत नाही. आपण रिकाम्या भिंतीकडे बघत राहतो. थोड्या वेळाने तो परत येतो. झालं.

त्रिएच्या कोर्टातलं रेकॉर्डिंग आणि ब्रेसाँची ही भिंत, मध्ये सदुसष्ट वर्षं आहेत, पण काम तेच आहे. महत्त्वाची गोष्ट न दाखवता ती प्रेक्षकाकडून घडवून घ्यायची. मला फ्रेंच सिनेमाचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच आहे. तिथले चांगले दिग्दर्शक आपल्यावर विश्वास टाकतात. ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न ते बंद करतात असं नाही, पण त्याच्या जोडीला ‘आत्ता या माणसाच्या मनात काय चाललंय’ हा प्रश्न हळूच आपल्या हातात देतात. तो हातात घेतला नाही तर चित्रपट संथ वाटतो. घेतला तर दीड तास कसा गेला ते कळत नाही.

कुठून सुरुवात करायची हे मात्र माणसागणिक बदलतं. तुम्हाला गाणी आवडतात की गुन्हेकथा, एकटे बघता की घरच्यांबरोबर, मोबाइलवर की टीव्हीवर, सबटायटल्स वाचताना थकता का, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून मी वर्गात कधीच ‘सर्वोत्कृष्ट पन्नास’ अशी यादी देत नाही. एक धागा देते, ज्यात जुने-नवे चित्रपट एकामागोमाग गुंफलेले असतात. प्रत्येक नवा चित्रपट जुन्याला उजेड देतो.

माझा सगळ्यात आवडता धागा शाळेचा आहे, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण शाळा आपण सगळ्यांनीच भोगलेली असते. पहिला चित्रपट ज्याँ व्हिगोचा ‘झिरो फॉर कंडक्ट’, १९३३चा. पाऊण तासाचाही नाही. निवासी शाळेतली मुलं मास्तरांविरुद्ध बंड करतात, एवढीच गोष्ट. रात्री उशांची मारामारी होते, पिसं सगळीकडे उडतात, आणि मग दृश्य अचानक संथगतीत जातं. पिसांच्या त्या पावसातून मुलं मिरवणूक काढल्यासारखी चालत येतात. सरकारला हे इतकं झोंबलं की युद्ध संपेपर्यंत चित्रपटावर बंदी होती. व्हिगो पुढच्याच वर्षी, १९३४ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी गेला. त्याचं सगळं काम एका संध्याकाळी बघून होईल, आणि तरी त्याच्याशिवाय पुढचा फ्रेंच सिनेमा समजत नाही.

दुसरा, फ्रान्स्वा त्रुफोचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’, १९५९चा. कानला उत्तम दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं तेव्हा त्रुफो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. आदल्या वर्षापर्यंत तो इतका जहाल समीक्षक होता की त्याच महोत्सवाने त्याला समीक्षक म्हणून बोलावलंही नव्हतं. चित्रपटाचा नायक आंत्वान शाळा बुडवतो, मास्तरांनी कारण विचारल्यावर ‘आई वारली’ म्हणून मोकळा होतो. वडिलांच्या कचेरीतला टाइपरायटर चोरतो आणि पकडला जातो तो परत ठेवायला गेल्यावर. यातलं पुष्कळसं त्रुफोच्या स्वतःच्या लहानपणातलं आहे. तोही बालसुधारगृहात राहून आला होता, आणि त्याला हात देणारे समीक्षक आंद्रे बाझाँ चित्रीकरण सुरू झालं त्याच सुमारास वारले. चित्रपट त्यांनाच अर्पण केलेला आहे.

यातला एक प्रसंग मी वर्गात थांबवून, पुन्हा लावून दाखवते. सुधारगृहातली मानसतज्ज्ञ बाई आंत्वानला प्रश्न विचारते. ती बाई आपल्याला एकदाही दिसत नाही. फक्त आवाज. पडद्यावर फक्त मुलगा, टेबलाशी बसलेला, हातांशी चाळा करत, मध्येच ओशाळं हसत. ज्याँ-पिएर लेओ या मुलाने ती उत्तरं बहुतेक त्याच्या मनाने दिली आहेत, पाठ केलेली नाहीत. नेहमीच्या पद्धतीने हा प्रसंग केला असता तर प्रश्नाला बाईचा चेहरा, उत्तराला मुलाचा, असे कट आले असते आणि बाईच्या चेहऱ्याने आपल्याला शिकवलं असतं की इथे दया वाटून घ्या, इथे धक्का बसू द्या. तो चेहराच काढून टाकल्यामुळे मुलाचं ऐकणारे फक्त आपण उरतो. ‘काहीच घडत नाही’ असं तुम्हाला वाटेल त्या वेळी हा प्रसंग आठवा. एक मुलगा बसून बोलतोय, आणि घडायचं ते सगळं घडतंय.

व्यायामाचे मास्तर मुलांना रस्त्यावरून धावायला नेतात आणि एकेक जोडी गुपचूप गळत जाते तो गमतीचा तुकडा पाहिलात की व्हिगोची आठवण होईल. तो त्रुफोने व्हिगोला केलेला नमस्कारच आहे.

तिसरा चित्रपट लोराँ काँतेचा ‘द क्लास’. २००८चा, पाम दोर मिळालेला. फ्रान्स्वा बेगोदो या माजी शिक्षकाने स्वतःच्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं, आणि चित्रपटात शिक्षकाची भूमिकाही त्यानेच केली. मुलं पॅरिसच्या एका खऱ्या शाळेतली. वर्षभर त्यांच्याबरोबर कार्यशाळा घेऊन मग एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रीकरण केलं. कॅमेरा शाळेच्या भिंतींबाहेर जवळजवळ जातच नाही. आणि आता गंमत बघा: व्हिगोकडे मास्तर हास्यास्पद होते, त्रुफोकडे निष्ठुर होते, इथे मास्तर भला माणूस आहे, जीव तोडून शिकवतोय, आणि तरीही त्याच्या हातून एका मुलाचं नुकसान होतं. सुलेमान नावाच्या मुलाला शाळेतून काढायचं की नाही यावर बैठक बसते. आफ्रिकेतून आलेल्या त्याच्या आईला फ्रेंच येत नाही. ती आपल्या भाषेत मुलाची बाजू मांडते, की तो चांगला आहे, घरी मदत करतो, आणि हे सगळं फ्रेंचमध्ये सांगायचं काम त्या मुलावरच येतं. स्वतःच्या शिक्षेच्या बैठकीत स्वतःचाच दुभाषी. आमच्याकडे हा चित्रपट दाखवला की शिक्षक मंडळी चर्चा संपली तरी उठत नाहीत, कारण प्रत्येकाला आपला एखादा वर्ग आठवलेला असतो.

हे तीन पाहिलेत की १९३३ ते २००८ असा पंचाहत्तर वर्षांचा फ्रान्स तुमच्या ओळखीचा झाला. कोण सत्तेत आहे, कोण बाकावर मागे बसलाय, हे सगळं त्यात आलं. इतिहासाचं पुस्तक लागलं नाही.

त्यानंतर मी तुम्हाला आन्येस वार्दाकडे पाठवेन. माझ्या मते फ्रेंच सिनेमात शिरायला तिच्याइतकं प्रेमळ दार दुसरं नाही. ‘क्लेओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन’ हा १९६२चा चित्रपट. एक तरुण गायिका कॅन्सरच्या तपासणीच्या निकालाची वाट बघत दीड तास पॅरिसमध्ये फिरते, आणि चित्रपटही साधारण दीड तासाचाच आहे. पडद्यावर प्रकरणागणिक वेळ लिहून येते. कोणाच्याही घरी रिपोर्टची वाट बघण्याची वेळ आलेली असते, त्यामुळे तो ताण समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या भागात क्लेओ सतत आरशात दिसते. कॅफेत, टोपीच्या दुकानात, जिन्याखाली. सगळे तिच्याकडे बघतायत आणि तीही स्वतःकडेच. मधोमध ती एक गाणं म्हणते, गाता गाता कोलमडते, डोक्यावरचा विग ओढून काढते, साधा काळा पोशाख घालते आणि एकटी बाहेर पडते. तिथून कॅमेऱ्याची दिशा बदलते. आता रस्त्यावरची माणसं ती बघते आणि तिच्या नजरेने आपण. टॅक्सीत रेडिओवर अल्जीरियातल्या युद्धाच्या बातम्या लागलेल्या असतात, आणि शेवटी तिला बागेत भेटतो तो रजेवर आलेला सैनिक त्याच युद्धावर परत निघालेला असतो. मरणाची भीती दोघांनाही, कारणं वेगळी.

त्याच वार्दाने २०००मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, हातात मावणारा डिजिटल कॅमेरा घेऊन ‘द ग्लीनर्स अँड आय’ हा माहितीपट केला. कापणी झाल्यावर शेतात उरलेलं वेचणारे, बाजार उठल्यावर टाकलेला भाजीपाला गोळा करणारे, त्यांच्यामागे ती फिरते. यंत्राने नाकारलेल्या बटाट्यांच्या ढिगात तिला हृदयाच्या आकाराचे बटाटे सापडतात आणि ती ते घरी घेऊन जाते. एका हाताने दुसऱ्या हाताचं चित्रण करते, सुरकुत्यांसकट. हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन रविवारी बघा. एकच बाई, तोच कुतूहलाचा डोळा.

गोदारला मात्र जरा थांबवा. ‘ब्रेथलेस’ डोक्यावरून गेला याचं मला नवल वाटत नाही. तो पाहणाऱ्याचे डोळे आधी शॉट्सची नेहमीची गुळगुळीत जोडणी पाहून पाहून सरावलेले असावे लागतात, म्हणजे ती मोडली की जाणवते. १९६०मध्ये लोकांना ती जाणवली. चित्रपट लांबला होता. अख्खे प्रसंग काढण्याऐवजी गोदारने चालू शॉटच्या मधलेच तुकडे कापले. बेल्माँदो गाडी चालवत बोलतोय, शेजारी जीन सीबर्ग बसली आहे, कॅमेरा तिच्या मानेमागे. ती जागेवरच आहे, पण मागचे रस्ते उड्या मारत बदलतायत. आज जाहिरातीपासून रीलपर्यंत सगळीकडे असेच कट असतात, म्हणून त्यातलं धाडस आपल्याला दिसत नाही आणि नुसती गोष्ट बघायला गेलो तर ती फारशी नाही. कॅमेरामन राउल कुतार युद्धाचे फोटो काढून आलेला माणूस. खऱ्या रस्त्यावर, कॅमेरा हातात धरून, कधी चाकाच्या खुर्चीत बसून त्याने चित्रण केलं. स्टुडिओ आणि दिव्यांचा ताफा नसला तरी चित्रपट होतो हे यातून जगभरच्या तरुणांना कळलं. शाळेचा धागा आणि वार्दा झाल्यावर ‘ब्रेथलेस’ पुन्हा लावा. गोदारचे १९८०नंतरचे चित्रपट तूर्त राहू द्या.

तुम्हाला गोष्टीची ओढ हवी असेल, आणि त्यात गैर काही नाही, तर १९५३चा क्लूझोचा ‘द वेजेस ऑफ फिअर’ लावा. खडबडीत रस्त्यावरून नायट्रोग्लिसरीन भरलेले दोन ट्रक न्यायचे, एक मोठा हादरा बसला की सगळं संपलं. फ्रेंच चित्रपट संथ असतात हे म्हणणं त्या रात्रीपुरतं तरी विसराल. ज्याँ-पिएर मेलव्हिलचा ‘ल सामुराई’ (१९६७) आणि ‘आर्मी ऑफ शॅडोज’ (१९६९) हेही तसेच पकडून ठेवणारे. दुसऱ्याचा विषय नाझींविरुद्धचा गुप्त प्रतिकार, आणि मेलव्हिल स्वतः त्यात होता.

गाण्यांवर प्रेम असेल तर जाक देमीचा ‘द अंब्रेलाज ऑफ शेरबूर्ग’, १९६४चा. यातला प्रत्येक शब्द गायलेला आहे. संगीत मिशेल लग्राँचं. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद थांबतो आणि पद सुरू होतं. इथे गद्यच नाही. गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त झाली का हे सुद्धा सुरात विचारतात, आणि त्या गॅरेजमधला एक कामगार गाऊनच सांगतो की त्याला ऑपेरा आवडत नाही, त्यापेक्षा सिनेमा बरा. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटेल, तेवढी निभावून न्या. रंग मिठाईच्या दुकानासारखे आहेत आणि गोष्ट अगदी कोरडी खरी आहे: मुलगा सैन्यात अल्जीरियाला जातो, मुलगी गरोदर आहे, दुकान कर्जात आहे, आई व्यवहाराचं बोलते. कोणी खलनायक नाही.

यावरून ज्याँ रेन्वारचं नाव घ्यायलाच हवं. ‘द रूल्स ऑफ द गेम’मध्ये त्याने स्वतः केलेलं पात्र म्हणतं की या जगात भयंकर गोष्ट ही, की प्रत्येकाकडे आपापली कारणं असतात. मला विचाराल तर माझ्या मते तो सर्वांत थोर फ्रेंच चित्रपट आहे. तरी तो मी कोणालाही पहिला दाखवत नाही. एका वाड्यावर जमलेले मालक आणि नोकर, सगळ्यांची प्रकरणं एकमेकांत अडकलेली, आणि पहिल्या वेळी कोण कोणाचं हेच कळत नाही. १९३९च्या जुलैत, युद्ध दोन महिन्यांवर असताना तो लागला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, काटछाट झाली, मग सरकारने बंदी घातली. जवळजवळ पूर्ण रूपात तो १९५९मध्येच परत उभा राहिला. दोनदा बघायची तयारी असेल तेव्हा बघा. शिकारीच्या प्रसंगात मरणाऱ्या सशाचे पाय आखडतात तिथे समजेल की ही हसत-खेळत चाललेली मंडळी कुठे निघाली आहेत.

नटांचा माग काढत जाणं हाही एक सुंदर मार्ग आहे. २०१२च्या मिशाएल हानेकेच्या ‘आमुर’मध्ये पक्षाघात झालेली म्हातारी आणि तिची शुश्रूषा करणारा नवरा, ही कामं एमान्युएल रिव्हा आणि ज्याँ-लुई त्रँतिन्याँ यांनी केली आहेत. रिव्हाला तरुण बघायचं तर आलँ रेनेचा ‘हिरोशिमा माँ आमुर’ (१९५९), त्रँतिन्याँला बघायचं तर एरिक रोमेरचा ‘माय नाइट अ‍ॅट मॉड्स’ (१९६९). आधी हे दोन बघा आणि मग ‘आमुर’. त्या चेहऱ्यांवरून गेलेला काळ मेकअपने आणता येत नाही.

नव्या चित्रपटांत पॅरिसच्या उपनगरांचा धागा चुकवू नका. मात्यू कासोव्हित्झचा ‘ला एन’ (१९९५) आणि लाज लीचा ‘ले मिझेराब्ल’ (२०१९), दोन्हींत पोलीस आणि स्थलांतरितांची मुलं. लाज ली ज्या मोंफेर्मेय भागात वाढला तिथेच त्याने चित्रण केलं. ‘अमेली’चं पॅरिस जितकं गोड आहे तितकंच हे खरखरीत आहे. ‘अमेली’ आवडला म्हणून संकोचू नका, पण शहराची ही दुसरी बाजू पाहिल्याशिवाय तिथल्या सिनेमाची ओळख अर्धीच राहते. आणि सेलीन सियामाचा ‘पेतित मामाँ’ (२०२१), जेमतेम सव्वा तासाचा, तोही बघा. आजी वारल्यावर घर आवरायला आलेल्या आठ वर्षांच्या मुलीला जंगलात तिच्याच वयाची तिची आई भेटते. एकही चमत्कार तंत्राने केलेला नाही, आणि एकदाही शंका येत नाही.

असे छोटे, हट्टी चित्रपट तिथे दर वर्षी का निघू शकतात, हेही विचारायला हवं. प्रतिभा सगळीकडे असते. तिथे पैशाची सोय आहे. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सिनेमा तिकिटावर १०.७२ टक्के कर असतो आणि तो १९४६मध्ये स्थापन झालेल्या सीएनसी या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो. तिथून तो चित्रपटनिर्मितीकडे परत येतो, पहिला चित्रपट करणाऱ्यांकडेसुद्धा. म्हणजे पॅरिसमध्ये कोणी हॉलिवूडचा सुपरहिरो बघायला गेलं तरी त्याच्या तिकिटातला वाटा उद्याच्या एखाद्या वार्दाला मिळू शकतो. टीव्ही वाहिन्यांनाही यात पैसे घालावे लागतात. आपल्याकडे चांगल्या मराठी चित्रपटांच्या अर्थकारणावर बोलताना या व्यवस्थेचा अभ्यास व्हायला हवा, असं मला फार वाटतं.

आपलं नातंही जुनं आहे. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ला पॅरिसमध्ये पहिला तिकिटाचा खेळ केला आणि ७ जुलै १८९६ला त्यांच्याच फिती मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले कुमार शहानी पुढे पॅरिसला गेले आणि ब्रेसाँच्या हाताखाली काम केलं. मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’वर ब्रेसाँची छाया स्पष्ट दिसते. त्याच संस्थेच्या पायल कपाडियाचा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ २०२४मध्ये कानला ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार घेऊन आला. तो फ्रेंच निर्मात्यांबरोबर झाला आहे, आणि त्यातली मुंबई आणि रत्नागिरी आपली आहे. तो तुम्हाला आवडला असेल तर वार्दाही आवडेल.

आता बघण्याच्या दोन व्यवहाराच्या गोष्टी. फ्रेंच माणसं भरभर बोलतात आणि आपण इंग्रजी सबटायटल्स वाचतो, त्यामुळे चेहरे निसटतात. म्हणून कमी संवादांचे चित्रपट आधी, ब्रेसाँ, मेलव्हिल. रोमेर नंतर, कारण त्याच्याकडे सगळं बोलण्यातच घडतं. त्याचा ‘द ग्रीन रे’ (१९८६) लावाल तेव्हा जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग नीट ऐका. सुट्टीत एकटी पडलेली देल्फीन मांस खात नाही, आणि यजमान मंडळी तिला प्रेमाने, पण एकामागोमाग एक, का नाही खात ते विचारत राहतात. परगावी जेवणाच्या पंगतीत ज्याने स्वतःच्या ताटाचं समर्थन केलंय त्याला तिचा एकटेपणा लगेच कळेल. दुसरं म्हणजे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पहिली वीस मिनिटं कितीही कंटाळा आला तरी उठू नका. चाळिसाव्या मिनिटालाही काही हाती लागलं नाही तर खुशाल बंद करा आणि तो चित्रपट वर्षाने पुन्हा लावा. आवडलंच पाहिजे असा दंडक कुठेच नाही.

राहिला आईचा प्रश्न. त्यांच्याबरोबर जाक तातीचा ‘माँ आँक्ल’ (१९५८) बघा. सबटायटल्स वाचायची गरज जवळजवळ नाही, कारण संवाद नावापुरतेच आहेत. नायकाच्या बहिणीच्या अत्याधुनिक घरात बागेतलं माशाचं कारंजं दारावरची घंटा वाजली की सुरू होतं, आणि आलेला माणूस भाऊ किंवा भाजीवाला निघाला की लगेच बंद. पाहुणे येणार म्हणून कपाटातली खास क्रॉकरी काढणाऱ्या प्रत्येक घराला हे कळतं. तो आवडला तर तातीचाच ‘प्लेटाइम’ (१९६७) आहे, पण तो मोबाइलवर लावू नका. त्यासाठी त्याने अख्खं शहर सेट म्हणून उभारलं, ७० मिलिमीटर फिल्मवर चित्रण केलं आणि त्यात तो कर्जबाजारी झाला. एकाच चौकटीत चार कोपऱ्यांत चार गमती चालू असतात, त्यामुळे घरातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर लावा आणि आईंना डावीकडचा अर्धा भाग सांभाळायला सांगा.